रोगप्रतिकाराची जनुकीय भिन्नता आणि आरोग्यातील विषमता : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी एक अभ्यास

प्रास्ताविक

एकाच घरातील चार माणसांना एकाच वेळी एकाच विषाणूची बाधा होते. एक अंथरुणाला खिळतो, दोघांना साधा ज्वर येऊन जातो आणि चौथ्याला आपण आजारी होतो हेदेखील कळत नाही. एकच चूर्ण शंभर रुग्णांना दिले असता नव्याण्णवांना ते मानवते आणि एखाद्याला मात्र त्याचा त्रास होतो. हा अनुभव चिकित्सकाला नवा नाही. देश, काल, बल, वय, सात्म्य व प्रकृती यांचा विचार केल्यावाचून औषधयोजना करू नये, हा आपल्या शास्त्राचा आग्रह याच अनुभवातून आलेला आहे. आधुनिक विज्ञान या भिन्नतेचा एक भाग रोगप्रतिकाराच्या जनुकांमध्ये शोधत आहे. त्या शोधाची दिशा, त्याचे आजवरचे फलित, त्याच्या मर्यादा आणि आपल्या चिकित्सालयाशी व औषधालयाशी असलेला त्याचा संबंध यांचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

विवेचनाच्या मध्यभागी आम्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्राध्यापिका जिल होलेनबाख यांचे कार्य ठेवले आहे. रोगप्रतिकाराच्या जनुकांमधील भिन्नता आणि निरनिराळ्या मानवसमूहांतील तिचे वितरण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ओघाने पुणे येथील संशोधनाचा परामर्श घेऊन, शेवटी औषधांच्या सुरक्षिततेचा व्यावहारिक प्रश्न हाताळला आहे. वाचकांनी हा शेवटचा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा, अशी आमची विनंती आहे.

१. एचएलए म्हणजे काय ?

कटिशूल व पृष्ठग्रह घेऊन येणाऱ्या तरुण रुग्णाच्या कागदपत्रांत ‘एचएलए-बी२७’ या तपासणीचा अहवाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या व्याधीशी बी२७ चा निकटचा संबंध १९७३ मध्ये उघडकीस आला. एचएलए या नावाशी वैद्यांचा परिचय बहुधा येथूनच होतो आणि दुर्दैवाने अनेकदा येथेच थांबतो.

मानवी शरीरातील सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर जनुकांचा एक समूह आहे. फ्रेंच वैज्ञानिक जाँ दॉसे यांनी १९५८ मध्ये या समूहातील पहिल्या प्रतिजनाचे वर्णन केले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९८० चे नोबेल पारितोषिक बारुज बेनासेराफ व जॉर्ज स्नेल यांच्यासमवेत मिळाले. या जनुकांपासून तयार होणारी प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावर असतात. त्यांचे काम समजण्यासाठी तबकाची कल्पना करावी. पेशीच्या आत जी प्रथिने असतात त्यांचे बारीक तुकडे या तबकात ठेवून बाहेर दाखविले जातात. रक्षणाचे काम करणाऱ्या टी पेशी फिरत फिरत येऊन तबकातील तुकडा तपासतात. तुकडा स्वतःच्या शरीराचा असेल तर त्या पुढे जातात. विषाणूचा असेल तर त्या पेशीचा नाश करतात.

प्रत्येक माणसाचे तबक सारखे नसते. कोणाच्या तबकात विषाणूचा एक तुकडा नीट बसतो, कोणाच्या तबकात दुसरा. या जनुकांचे जे वेगवेगळे प्रकार आढळतात त्यांना अलील म्हणतात. आजवर नोंदल्या गेलेल्या एचएलए अलीलांची संख्या ४० हजारांहून अधिक आहे. मानवी जनुकांमध्ये इतकी विविधता अन्यत्र क्वचितच आढळते. ही विविधता मानवजातीच्या दृष्टीने लाभाची आहे, कारण कोणताही एक रोगकारक सर्वांच्याच तबकांना एकदम चकवू शकत नाही.

नाव वाचण्याची रीतही जाणून घ्यावी. ‘एचएलए-बी*१५:०१’ यातील ‘बी’ हे जनुकाचे नाव, ‘१५’ हा गट आणि ‘०१’ हे त्या गटातील विशिष्ट प्रथिन होय. शेवटचा एक अंक बदलला तर प्रथिन बदलते आणि परिणामही बदलू शकतो. याचे एक लक्षणीय उदाहरण पुढे येईल.

२. लक्षणरहित संसर्गाचा शोध

कोविडच्या साथीत सर्व जगाचे लक्ष गंभीर रुग्णांकडे होते. होलेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलट बाजूने विचारला. बाधा होऊनही ज्यांना काहीच त्रास झाला नाही, त्यांच्यात काय वेगळे होते ?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी योजलेली युक्ती अभ्यासनीय आहे. एचएलए तपासणी खर्चिक असते. परंतु अस्थिमज्जा दानासाठी नाव नोंदविलेल्या व्यक्तींची ही तपासणी आधीच झालेली असते, कारण दाता व रुग्ण यांचे एचएलए जुळल्याशिवाय मज्जेचे प्रत्यारोपण सुकर होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतील २९,९४७ दात्यांनी या अभ्यासात भाग घेतला. आपली लक्षणे व तपासण्यांचे निष्कर्ष त्यांनी भ्रमणध्वनीवरील उपयोजनाद्वारे कळविले. लसीकरणाचा प्रभाव मिसळू नये म्हणून लस न घेतलेल्या व्यक्तींचाच विचार करण्यात आला. त्यांपैकी १,४२८ व्यक्तींना संसर्ग झाल्याचे आढळले आणि त्यातील १३६ जणांना कोणतीही लक्षणे नव्हती.

हे निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लक्षणरहित राहिलेल्यांपैकी २० टक्के व्यक्तींमध्ये एचएलए-बी*१५:०१ हा अलील होता. लक्षणे झालेल्यांमध्ये त्याचे प्रमाण ९ टक्के होते. माता व पिता या दोघांकडूनही हा अलील मिळालेल्या व्यक्ती लक्षणरहित राहण्याची शक्यता इतरांच्या आठपटींहून अधिक होती.

यामागील कार्यकारणभाव ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठाच्या स्टेफनी ग्रास व त्यांच्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने उलगडला. बी*१५:०१ च्या तबकात कोविड विषाणूच्या काटेरी प्रथिनाचा एक तुकडा बसतो. सर्दीपडसे निर्माण करणाऱ्या ओसी४३ व एचकेयू१ या जुन्या करोना विषाणूंच्या प्रथिनात जवळजवळ तसाच तुकडा आहे. फरक केवळ एका अमिनो आम्लाचा. साथ येण्यापूर्वी घेतलेल्या रक्तनमुन्यांतील टी पेशींनीही नव्या विषाणूचा हा तुकडा ओळखला. म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या साध्या पडशाची स्मृती या व्यक्तींच्या शरीरात शिल्लक होती आणि नवा शत्रू येताच ती उपयोगी पडली.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली, हा अलील असलेल्यांना संसर्ग झालाच नाही असे नाही. संसर्ग झाला, पण रोगाने डोके वर काढले नाही. दुसरी, लक्षणरहित राहिलेल्यांपैकी ८० टक्के व्यक्तींमध्ये हा अलील नव्हता. तेव्हा जनुक हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे, एकमेव नव्हे.

याच संशोधिकेचा आणखी एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपवाताशी साम्य असलेल्या पार्किन्सन व्याधीत एचएलए-डीआरबी१ जनुकाच्या एका विशिष्ट रचनेचा परिणाम रुग्णाच्या धूम्रपानाच्या इतिहासानुसार बदलतो, असे त्यात दिसून आले. यावरून धूम्रपानाचे समर्थन कोणी करू नये. त्याचे अन्य दुष्परिणाम सर्वविदित आहेत आणि संधिवाताच्या एका गंभीर प्रकारात हीच रचना धूम्रपानासमवेत रोगाचा धोका वाढविते. बोध इतकाच, की बीजातील गुण आणि विहारातील सवय ही दोन्ही एकमेकांच्या संयोगाने फळ देतात.

३. विषमता कोठे आहे ?

वरील कोविड अभ्यासाची एक मर्यादा स्वतः संशोधकांनी नमूद केली आहे. मुख्य विश्लेषण स्वतःला श्वेतवर्णीय म्हणविणाऱ्या व्यक्तींपुरतेच करावे लागले. अन्य समूहांतील सहभागींची संख्या निष्कर्षासाठी अपुरी होती. ज्या समूहांना साथीची झळ अधिक बसली, त्यांच्याविषयीच ज्ञान अपुरे राहिले. आरोग्यातील विषमतेचे हे एक रूप आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. रुग्णालय, औषध व अन्न यांच्या वाटपात विषमता असते तशीच ती ज्ञानाच्या वाटपातही असते.

हा दोष एका अभ्यासापुरता नाही. जगभर झालेल्या व्यापक जनुकीय अभ्यासांतील सहभागींचा आढावा २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आला. त्यानुसार सुमारे ७८ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे, १० टक्के आशियाई आणि केवळ २ टक्के आफ्रिकी होते. जगाच्या लोकसंख्येशी हे प्रमाण मुळीच जुळत नाही.

मज्जादानाच्या नोंदवहीत या उणिवेचे परिणाम थेट रुग्णाच्या प्राणाशी येऊन भिडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी नोंदवहीच्या विश्लेषणानुसार, सर्वोत्तम जुळणारा दाता मिळण्याची शक्यता युरोपीय वंशाच्या रुग्णाला ७५ टक्के होती, तर दक्षिण व मध्य अमेरिकेतील कृष्णवर्णीय मूळ असलेल्या रुग्णाला ती केवळ १६ टक्के होती. याची कारणे दोन : त्या समूहांतील एचएलएची विविधता अधिक आणि नोंदविलेले दाते कमी. पहिले कारण निसर्गाचे आहे. दुसरे मात्र समाजाचे आहे आणि प्रयत्नाने दूर होण्याजोगे आहे. भारतासारख्या देशात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या विवाहसंबंध आपापल्या समूहात होत आले, तेथे प्रत्येक समूहातील दात्यांची नोंद होणे किती आवश्यक आहे हे निराळे सांगावयास नको. आपल्या रुग्णांना व त्यांच्या आप्तांना मज्जादानाच्या नोंदणीचे महत्त्व पटवून देणे हे वैद्यालाही सहज शक्य आहे.

या विषयात एक सावधगिरी हवी. समूहासमूहांतील आजारपणाचा सर्व फरक जनुकांवर ढकलणे अशास्त्रीय होय. कोविडच्या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीय व मूळनिवासी समूहांत मृत्यूंचे प्रमाण अधिक राहिले. दाटीची घरे, घराबाहेर पडूनच करावी लागणारी कामे, उपचार मिळण्यास होणारा विलंब व आधीपासूनचे व्याधी ही त्यामागील मोठी कारणे होती. आदानदोषांचा विचार न करता सर्व दोष बीजाच्या माथी मारणारा वैद्य जितका चुकतो, तितकाच सामाजिक कारणांकडे डोळेझाक करणारा संशोधकही चुकतो.

समाधानाची बाब अशी की भारताने या दिशेने पावले टाकली आहेत. जीनोम इंडिया या प्रकल्पात देशातील ८० हून अधिक समूहांतील १० हजार व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली.

४. व्याधिक्षमत्वाच्या संदर्भात विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सर्व शरीरे व्याधिक्षमत्वाच्या दृष्टीने समान नसतात हा विचार आला आहे. टीकाकार चक्रपाणी यांनी व्याधिक्षमत्वाचे दोन पैलू सांगितले : उत्पन्न व्याधीच्या बळाला विरोध करणे आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध करणे. बी*१५:०१ चा अभ्यास वाचताना हा भेद आठवल्यावाचून राहत नाही. त्या व्यक्तींच्या शरीरात विषाणूचा प्रवेश झाला होता. तो रोखला गेला नाही, परंतु लक्षणसमुच्चय प्रकट झाला नाही. संसर्ग आणि व्याधी या दोन भिन्न अवस्था आहेत, हे तत्त्व अशा अभ्यासातून अधिक स्पष्ट होते.

त्रिविध बलाचा विचारही येथे उपयुक्त आहे. सहज, कालज व युक्तिकृत असे बलाचे तीन प्रकार. एचएलए हा सहज बलाच्या क्षेत्रातील एक घटक मानता येईल. पूर्वीच्या पडशातून मिळालेली टी पेशींची स्मृती मात्र जन्मजात नसून आयुष्यात मिळविलेली आहे. या अभ्यासातील लाभ दोहोंच्या संयोगातून झाला. तथापि, ‘एचएलए म्हणजेच व्याधिक्षमत्व’ किंवा ‘एचएलए म्हणजेच ओज’ अशी समीकरणे मांडण्याचा मोह टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्याधिक्षमत्व ही आहार, अग्नी, धातुसारता, सत्त्व व काल यांना कवेत घेणारी व्यापक संकल्पना आहे. एचएलए हा काही प्रथिनांचा संच आहे. दोहोंत संवाद व्हावा, परंतु एकाला दुसऱ्याचे नाव देऊ नये.

५. प्रकृती आणि एचएलए : पुण्यातील संशोधन

या संवादाचा एक प्रारंभिक प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पुणे विद्यापीठातील वैज्ञानिक भूषण पटवर्धन यांनी कल्पना जोशी व अरविंद चोपडा यांच्यासमवेत ७६ व्यक्तींची प्रकृतिपरीक्षा व एचएलए-डीआरबी१ तपासणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वातप्रकृतीच्या व्यक्तींमध्ये डीआरबी१*०२ हा प्रकार आढळला नाही, कफप्रकृतीत डीआरबी१*१३ आढळला नाही आणि डीआरबी१*१० चे प्रमाण कफप्रकृतीत वात व पित्त प्रकृतींपेक्षा अधिक दिसले.

पुढे २०१५ मध्ये हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या पुढाकाराने, पटवर्धन यांच्याही सहभागाने, अधिक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३,४१६ निरोगी पुरुषांची प्रकृतिपरीक्षा करून एका दोषाचे प्राबल्य असलेल्या २६२ व्यक्तींची संपूर्ण जनुकसंचाच्या पातळीवर तपासणी करण्यात आली. प्रकृतिभेदाशी निगडित असे ५२ जनुकीय बिंदू त्यात आढळले आणि पीजीएम१ या जनुकाचा संबंध पित्तप्रकृतीशी दिसून आला.

या अभ्यासांकडे कसे पाहावे ? ‘आधुनिक विज्ञानाने प्रकृती सिद्ध केली’ अशी वाक्ये व्याख्यानांतून व जाहिरातींतून आपण ऐकतो. ७६ व्यक्तींचा अभ्यास एवढा भार पेलू शकत नाही. एचएलएमध्ये हजारो प्रकार असताना लहान समूहात एखादा प्रकार न आढळणे योगायोगानेही घडू शकते. शिवाय समूहागणिक अलीलांचे प्रमाण बदलत असल्याने एका समूहातील निष्कर्ष दुसऱ्यास तसाच लागू होत नाही. पण म्हणून हे कार्य क्षुल्लक ठरत नाही. प्रकृती ही केवळ वर्णनाची गोष्ट न मानता मोजमापाच्या कसोटीला लावता येते, हे त्याने दाखवून दिले. आपल्या महाविद्यालयांतून प्रकृतिपरीक्षा एकसारख्या पद्धतीने नोंदविली जाईल, तर पुढील संशोधकांना भक्कम पाया मिळेल.

६. औषध, यकृत आणि एचएलए

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. अपस्मार व मज्जातंतूंच्या वेदनांसाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन हे आधुनिक औषध काही थोड्या रुग्णांमध्ये त्वचा व श्लेष्मल आवरण सोलून काढणारी प्राणघातक विकृती निर्माण करते. तिला स्टीव्हन्स-जॉन्सन विकार म्हणतात. तैवानमधील २००४ च्या अभ्यासात ही विकृती झालेल्या ४४ पैकी ४४ रुग्णांमध्ये एचएलए-बी*१५:०२ आढळला. औषध मानवलेल्या १०१ पैकी केवळ ३ जणांत तो होता. भारतीय रुग्णांच्या २००९ च्या एका अभ्यासात ८ पैकी ६ जणांत तो आढळला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध सुरू करण्यापूर्वी तपासणीचा सल्ला दिला. बी*१५:०१ कोविडच्या लक्षणांपासून संरक्षण देतो आणि बी*१५:०२ एका औषधाने जीवघेणा ठरतो. एका अंकाच्या भेदाचे महत्त्व यावरून कळावे.

वनस्पतिज औषधे या नियमाला अपवाद नाहीत. एचएलए-बी*३५:०१ या अलीलाविषयी गेल्या काही वर्षांत आलेली माहिती प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने जाणून घ्यावी. चीनमध्ये केश व बल यांसाठी घेतल्या जाणाऱ्या पॉलिगोनम मल्टिफ्लोरम या वनस्पतीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांत हा अलील जवळपास ४५ टक्के व्यक्तींमध्ये आढळला. तेथील सामान्य लोकांत त्याचे प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. अमेरिकेत हिरव्या चहाच्या अर्कामुळे यकृतविकृती झालेल्यांतही त्याचे प्रमाण असेच वाढलेले दिसले.

त्यानंतर पाळी आली हळदीची. औषधजन्य यकृतविकृतीच्या अमेरिकी अभ्यासजाळ्याने हळदीच्या पूरक उत्पादनांशी निगडित १० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील ७ जणांत बी*३५:०१ होता. ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले व एकाचा मृत्यू झाला. तपासलेल्या ७ उत्पादनांत हळद असल्याची रासायनिक खात्री झाली आणि त्यांपैकी ३ मध्ये मिऱ्यातील पिपेरिन मिसळलेले होते. पिपेरिनमुळे मनुष्यात कर्क्युमिनचे शोषण सुमारे वीसपट वाढते, हे बंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ मध्येच दाखविले होते.

या अहवालामुळे घरच्या हळदीला कोणी दोष देऊ नये. फोडणीतील चिमूटभर हळद, दुधातील हळद किंवा वैद्याने अनुपानासह दिलेले हरिद्राचूर्ण आणि कर्क्युमिनचा दाट अर्क पिपेरिनसह भरलेली, महिनोन्‌महिने घेतली जाणारी कॅप्सूल या एकाच द्रव्यापासून आलेल्या असल्या तरी एकच कल्पना नव्हेत. संस्कार, मात्रा, संयोग व काल बदलला की द्रव्याचे कर्म बदलते, हे आपलेच तत्त्व आहे. ते जाहिरातीच्या वेळी विसरून चालणार नाही.

गुळवेलीचा वादही याच प्रकाशात पाहावा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये आला. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात स्वप्रतिकारजन्य यकृतशोथासारखी चिन्हे प्रामुख्याने दिसली. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला. वापरलेल्या वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नव्हती आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरली गेली असण्याची शक्यता आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. आक्षेप महत्त्वाचा आहे. पण तो मान्य केला तर द्रव्याची ओळख पटविण्याची जबाबदारी अधिकच आपल्या शिरावर येते. ज्या रुग्णाचे यकृत बिघडले त्याला वनस्पतीचे नाव चुकले होते हे सांगून दिलासा मिळत नाही.

७. चिकित्सालयात काय करावे ?

(अ) प्रत्येक नवीन रुग्णाला पूर्वीची कावीळ, यकृताचे व्याधी, अवटू ग्रंथीचे विकार, श्वित्र किंवा अन्य स्वप्रतिकारजन्य व्याधी आणि कुटुंबातील तसा इतिहास विचारावा. सुरू असलेली सर्व औषधे व बाजारातून स्वतः घेतलेली उत्पादनेही नोंदवावीत. पुष्कळ रुग्ण अशा उत्पादनांना औषध समजत नाहीत व विचारल्याखेरीज सांगत नाहीत.

(आ) दीर्घकाळ औषध देताना अरुची, हृल्लास, अकारण थकवा, मूत्राचा गडद पीतवर्ण, नेत्रपीतता व कंडू या लक्षणांची रुग्णाला पूर्वकल्पना द्यावी. ती दिसताच सर्व उत्पादने थांबवून बिलिरुबिन व यकृतातील विकरांची तपासणी करून घ्यावी. तंद्रा, भ्रम, रक्तस्राव किंवा वाढती कावीळ असल्यास रुग्णास विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात पाठवावे.

(इ) ज्या औषधाने यकृताला इजा झाल्याचा संशय आहे ते ‘पाहू या’ म्हणून पुन्हा सुरू करू नये. दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया पहिलीपेक्षा तीव्र होऊ शकते.

(ई) अपस्मार अथवा वेदनेसाठी नवीन आधुनिक औषध सुरू झालेला रुग्ण ज्वर, मुखपाक, नेत्रलालिमा व पसरणारे पुरळ घेऊन आला, तर त्यास शीतपित्त किंवा रक्तदुष्टी समजून घरी ठेवू नये. पहिल्या काही आठवड्यांत ही विकृती होण्याचा संभव अधिक असतो व तेथे तासांचा विलंबही महाग पडतो.

(उ) प्रत्येक रुग्णाची एचएलए तपासणी करावी असे आम्ही सुचवीत नाही. बी*३५:०१ असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हळदीने काहीही अपाय होत नाही. तपासणीपेक्षा सावध दृष्टी व काटेकोर नोंद यांची गरज अधिक आहे.

८. औषधालयात काय करावे ?

(अ) गुळवेलीसारखी द्रव्ये खरेदी करताना वनस्पतीच्या ओळखीचे प्रमाणपत्र मागावे. चेहऱ्यामोहऱ्याने सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींच्या कांडांची भेसळ केवळ डोळ्यांनी ओळखू येत नाही.

(आ) विक्रीची नोंद ठेवताना उत्पादनाचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा. अपाय झालेल्या रुग्णाने डबा परत आणल्यास तो फेकून देऊ नये व उत्पादकाकडेही लगेच परत पाठवू नये. तो पुरावा आहे.

(इ) ‘वनस्पतिज आहे, कोणताही दुष्परिणाम नाही’ हे वाक्य गल्ल्यावरून उच्चारू नये. दाट अर्काच्या कॅप्सूल वैद्याच्या सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने घेणाऱ्या ग्राहकाला वैद्याकडे पाठवावे. यात एखादी विक्री कमी होईल. विश्वास मात्र वाढेल.

(ई) अपायाची नोंद आयुष औषधांच्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवावी. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्था हे या कार्यक्रमाचे समन्वय केंद्र असून देशभर त्याची उपकेंद्रे आहेत. नोंद पाठविणे म्हणजे स्वतःवर वा आयुर्वेदावर आरोप करणे नव्हे. ज्या अपायाची नोंद आपण करणार नाही, त्याची नोंद दुसरे कोणी करतील आणि तेव्हा मात्रा, कल्पना, अनुपान व प्रकृती यांची माहिती त्यात नसेल.

समारोप

आपल्या समाजाची जनुकीय माहिती जगाच्या संशोधनात कमी आहे, तशीच आपल्या औषधांच्या परिणामांची विश्वासार्ह माहितीही कमी आहे. या दोन्ही उणिवा एकाच जातीच्या आहेत. ज्यांची नोंद नाही, त्यांच्यासाठी औषध सुरक्षित करता येत नाही. परदेशातील विद्यापीठांनी आपला अभ्यास करावा, अशी वाट पाहण्याची गरज नाही. प्रकृतिपरीक्षा, औषधाची कल्पना व मात्रा, उपशय-अनुपशय आणि अपाय यांची दैनंदिन नोंद ठेवणारा तालुक्याच्या गावचा वैद्यही या ज्ञानात मोलाची भर घालू शकतो.

सर्व वाचकांना आमची सूचना अशी की येत्या तिमाहीत प्रत्येकाने आपल्या नोंदवहीत दोन रकाने वाढवावेत : ‘रुग्ण स्वतः घेत असलेली उत्पादने’ आणि ‘औषधोत्तर अपाय’. पुरुषागणिक चिकित्सा बदलते, असे आपण सांगत आलो. कोणत्या पुरुषाला काय मानवले आणि काय मानवले नाही, हे लिहून ठेवणे ही त्या सांगण्याचीच पुढची पायरी होय.